खिशातल्या अक्षता

"फाटली हो... पुरती वाट लागली!" असं ओरडत तो आमच्या पार्ल्याच्या शिवणकामाच्या दुकानात घुसला, तो थेट ट्रायलच्या पडद्याआड. मग पडद्यावरून एक हात आला. हातात मागून उसवलेली पँट.

त्रेपन्न सालची गोष्ट. भाऊ, म्हणजे माझे वडील, अस्तर आणायला गेले होते. दुकानात मी एकटीच.

"कुठं पोचायचंय?"

"अंधेरीला, अकरा वाजता. पहिलीच मुलाखत."

"घाबरलात?"

"मघाशी. आता तुमचा आवाज ऐकला ना..."

आगाऊ कुठला! पण मला हसू आवरेना. फटीतून दोन खट्याळ डोळे दिसले – आणि माझी टीप वाकडी गेली.

"कोटही द्या. बटण लोंबतंय."

कोट उलटा केला, तर खिशातून लाल तांदूळ सांडले. अक्षता! म्हणजे सूट लग्नातला. स्वारी लग्न झालेली, आणि मी वेडी इथे...! रागारागाने बटण करकचून शिवलं. अक्षता मात्र केरात टाकवेनात. बटणांच्या डबीत ठेवल्या.

सूट चढवून तो समोर उभा राहिला. "कसा दिसतो?"

"बायकोला विचारा!"

तो काही बोलणार, तेवढ्यात त्याचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि धूम पळाला. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी तो साध्या शर्टात हजर. हातात पेढे. आता भाऊ दुकानात होते.

"मी विद्याधर. नोकरी लागली! आता स्वतःचा सूट शिवायचाय. सकाळचा मित्राचा होता. त्याचं गेल्या महिन्यात लग्न झालं... माझं नाही." सांगत होता भाऊंना, बघत होता माझ्याकडे.

भाऊंनी मापांची वही उघडून नेहमीचा प्रश्न विचारला. "सूट कशासाठी? ऑफिसचा अंगाबरोबर शिवतो. लग्नाचा असेल तर खांद्यात सैल ठेवतो. हार घालताना हात वर करावे लागतात."

विद्याधरचे कान लालेलाल झाले. "ते... तुमच्या मुलीनं सांगायचं."

भाऊंची पेन्सिल थांबली. चष्म्यावरून ते माझ्याकडे बघायला लागले. आत्ता गप्प बसले तर जन्मभर गप्प बसावं लागेल, हे पक्कं कळत होतं.

"फार सैल नको, भाऊ," मी म्हणाले. "मी काही एवढी उंच नाही."