दोन जिन्यांची विहीर

फोन आला तेव्हा जुईली कॉलेजच्या कँटीनमध्ये होती. समोर गरम समोसा, आणि फोनवर चिंतामण आजोबा. निवृत्त वकील माणूस, आवाज कधी चढायचा नाही त्यांचा. त्या दिवशी चढला.

"लवकर घरी ये. तुझी आजी स्वयंपाकघरात पडली."

समोसा तिथंच राहिला. जुईलीनं स्कूटी अशी पळवली की राजकमल चौकातला सिग्नल लाल होता का हिरवा, तिला आजही सांगता येत नाही.

डॉक्टर तपासून निघत होते. "पोटात अन्न नाही यांच्या. असंच चाललं तर भरती करावं लागेल."

इटलीच्या सहलीपासून गोदावरी आजी दूध-केळ्यावर होती. कारण तिचा बाळकृष्ण हरवला होता. पितळेचा, अंगठ्याएवढा, लग्नात माहेरून आलेला. तेव्हापासून त्याला नैवेद्य दाखवल्याशिवाय आजीनं कधी घास घेतला नव्हता. मग आता कसा घेणार?

"अगं, देवघरात बाकीचे देव आहेत ना?" जुईली म्हणाली.

"पोर उपाशी असताना आई शेजारच्या पोराला भरवून जेवते का?"

जुईलीला स्वतःचीच टोचणी. जाताना आजीनं विचारलं होतं, देवाला सांभाळशील का? परीक्षेचं कारण सांगून हीच नाही म्हणाली. म्हणून तर देव डबीत बसून इटलीला गेला.

"आजोबा, डबी कुठंय?"

आजोबांनी आणून दिली. चांदीची, घट्ट झाकणाची, रिकामी.

"ही कुठं सापडली?"

"तिच्या पिशवीतच. तिकडं हॉटेलवर संध्याकाळी नैवेद्याला उघडली, तर आत देव नाही."

जुईली डबीकडे बघतच राहिली. बाहेरचा चोर आख्खी चांदीची डबी सोडून पितळेचा देव नेईल? तेही झाकण लावून, डबी परत जागेवर ठेवून?

छे! हे आपल्यातल्याच कोणाचं तरी काम होतं.

रविवारी तिनं सहलीला गेलेल्या सगळ्यांना बोलावलं. निमित्त, सहलीचे फोटो. अकोल्याहून नितेश आला, त्यानंच सहल नेली होती. दर्यापूरहून खुशालराव आणि त्यांची बायको मनकर्णाकाकू आले. खुशालराव आजोबांचे जुने अशील, शेतकरी गडी. मांडीवर कापडी पिशवी. जुईलीनं कच्च्या चिवड्याची ताटली पुढं केली. त्यांनी हातही लावला नाही.

"तब्येत बरी नाही का काका?"

"नाई वो पोरी. भूक नाई."

"पिशवी ठेवा की खाली."

"राहू दे. ठीक हाये."

टीव्हीवर फोटो सुरू झाले. ऑर्व्हिएतो! सरळसोट कड्यावर बसवलेलं गाव, खालून पाहिलं तर ढगातच टेकवलंय जणू. आजोबा रंगात आले. "खडक पोखरून खाली नुसत्या गुहा. त्यात कबुतरं पाळायची, वेढा पडला तर खायला. आणि हे चर्च बघ."

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं अवाढव्य चर्च. पायऱ्यांवर आजी, हातात उघडी डबी.

"अगं, हे काय?"

"देवालाही दाखवलं," आजी पलंगावरून क्षीण हसली. "एवढ्या लांब आला बिचारा."

म्हणजे चर्चपाशी देव होता. त्यानंतर?

"मग विहीर," नितेश म्हणाला. "एक पोप रोममधून जीव वाचवून पळून आला, त्यानं खणायला घेतली. पाणी आणायला खेचरं एका जिन्यानं उतरायची, दुसऱ्या जिन्यानं चढायची. वाटेत अडकायला नको."

विहिरीआधीचा फोटो. खुशालरावांच्या गळ्यात कोरडा ठणठणीत दुपट्टा. विहिरीनंतरचा फोटो. वर निळं आभाळ, कडक ऊन. आणि दुपट्ट्याचं एक टोक चिंब.

जुईलीनं फोटो तिथंच थांबवला. "नितेशदादा, तू कुठं होतास?"

"फोटो बघायला बोलावलं का उलटतपासणीला?"

"दोन्हीला. तूच म्हणाला होतास ना, देव हॉटेलवर ठेवा?"

"म्हणालो. विमानतळावर ती डबी तीनदा उघडायला लावली त्यांनी! पण मी आजोबांसोबत तिकीट खिडकीपाशी होतो. विचार त्यांना."

आजोबांनी मान डोलावली.

"आजी, तू?"

"मी बाकावर. गुडघे दुखत होते. जरा डोळा लागला."

"आणि पिशवी?"

"शेजारी. खुशालराव होते ना बसलेले."

सगळे खुशालरावांकडे वळले.

"हाव, होतो," ते म्हणाले. "मंग मनकर्णाले पाहाले उतरलो. ते वर येऊन राहिली होती. अर्ध्या पायऱ्यावर भेटलो, अन् दोघंबी संगच वर आलो."

"म्हणजे तुम्ही खाली पाण्यापर्यंत गेलाच नाही?"

"नाई."

"काकू, खरं?"

मनकर्णाकाकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हाव."

जुईली उठून टीव्हीपाशी गेली. विहिरीचा आतला फोटो लावला. मधे खोल पोकळी, भोवती गोल गोल खिडक्या.

"काका, उतरायचा जिना वेगळा, चढायचा वेगळा. एकावर एक, स्क्रूच्या आट्यांसारखे. खिडकीतून पलीकडचा माणूस दिसेल, हात हलवता येईल. पण पायऱ्यांवर भेटणार कसा? दोन्ही जिने जुळतात ते फक्त तळाला, पाण्यावरच्या पुलापाशी. उतरणाऱ्याला वर यायचं असेल तर तळ गाठावाच लागतो. म्हणजे तुम्ही तळाला गेलात. दुपट्टा तिथंच भिजला. आणि ती वेळ लपवताय, कारण तेव्हा आजीचा देव तुमच्याजवळ होता."



"मी काहून घेऊ त्याईचा देव?"

"तेच मला कळत नाही. म्हणून विचारते, पिशवीत काय आहे?"

खुशालरावांनी पिशवी छातीशी धरली. मनकर्णाकाकू एकदम रडायला लागल्या. "अवो, सांगून टाका न! रातभर झोपत नाई तुमी, मलेबी झोपू देत नाई!"

खुशालरावांनी पिशवीत हात घातला. प्लास्टिकची बाटली काढली. आत तळाशी थोडं पाणी.

"आमचा सारा पट्टा खारपाणाचा, आजी. तीन हिरी खंदल्या, तिन्ही खाऱ्या. पीक जयून जाते. अन् तिथं डोंगराच्या टोकावर गोड पाणी! मनात आलं, तुमच्या देवाले त्या पाण्यानं आंघोय घालाव, ते तीर्थ नेऊन आपल्या हिरीत टाकाव. दुपट्ट्याच्या टोकाले देव बांधला अन् पुलावरून खाली सोडला. वर ओढला तं..." त्यांनी बाटली खाली ठेवली. "ओली गाठ सुटली. देव नाई आला. नुसता दुपट्टा आला. तोच बाटलीत पिळला. वर आलो तवाबी तुमी झोपूनच होत्या. डबी गुपचूप ठेवली."

"माझ्याकडं मागायचा होता की हो!" आजी उठून बसली.

"तुमी सोवळ्याच्या. देवाले बाहेरच्या कोणाचा हात लागू देत नाई. देल्ला असता?"

आजीनं बाटली उचलून हातात घेतली.

"नसता दिला," ती हळूच म्हणाली. "मागितला असतात तरी नसता दिला."

"हिरीत टाकाची हिंमत नाई झाली. रोज हाती घेतो, रोज ठेवून देतो. तुमी जेवत नाई हे समजलं, अन् मलेबी घास जाईना."

"हरवला म्हणून जीव जळत होता माझा. कुठं धुळीत पडला असेल, कोणाच्या पायाखाली..." आजीनं डोळे पुसले. "पाण्यात गेला तर ते विसर्जन झालं. गोड्या पाण्यात बसलाय पठ्ठ्या. जुईली, वरण-भात लाव."

कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बाटली देवघरात गेली. जुईलीनं पान वाढलं, आणि आजीनं नैवेद्यासाठी हात पुढं केला. मग मागं घेतला.

"खुशालराव, तुम्ही दाखवा."

"मी? आजी, माह्या हातानं..."

"त्याचं शेवटचं स्नान तुमच्याच हातून झालं ना? मग जेवणही तुमच्याच हातून होऊ द्या."

खुशालरावांनी पानाभोवती पाणी फिरवलं. डोळे मिटले. आजीनं पान ओढून घेतलं आणि पहिला घास घेतला. आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले, उगाचच.

"तुम्हीही बसा," आजी म्हणाली. "आणि जाताना ती बाटली घेऊन जा. विहीर गोड होईल की नाही, मला काय माहीत. पण टाकायला मला बोलवा. आता चोरून टाकायचं नाही."