केरबा चित्रं का बघत नाही?

“जरा उजेडात धर की,” सयाजी म्हणाला.

पद्मजानं पुस्तक खिडकीकडं वळवलं. लालभडक कोंबडा, पिवळाधमक आंबा, हिरवा पोपट. सरूमावशीच्या बाळाला सगळ्यांनी झबली आणि कुंच्या दिल्या होत्या. आपण मात्र चित्रांची पुस्तकंच द्यायची, असं या बहीणभावानं ठरवलं होतं. १९७४ सालची मे महिन्याची सुट्टी लागताच दोघं ती जाड पानांची पुस्तकं घेऊन कोल्हापूरहून गडमुडशिंगीला मावशीकडं आली होती. बाळ चार महिन्यांचं होतं. त्याला आजोबांचं नाव ठेवलं होतं, केरबा.

केरबानं कोंबड्याकडं पाहिलंच नाही. पान उलटल्याचा आवाज झाला तशी त्यानं मान वळवली, पण डोळे आढ्याकडंच थरथरत राहिले.

“लहान आहे अजून,” पद्मजा म्हणाली खरी, पण तिचं तिलाच ते पटलं नाही.

शेजारचा आकाराम दारात उभा राहून बघत होता. त्याची धाकटी बहीण चिंगी केरबाच्याच वयाची. “आमची चिंगी तर दिसंल ते वढती,” तो म्हणाला. “थांबा, आणतो तिला.”

चिंगीनं पोपट दिसताच दोन्ही हातांनी झडप घातली आणि पान तोंडात कोंबलं. पद्मजानं पुस्तक जिकडं न्यावं तिकडं तिची मान फिरत होती.

सयाजीनं केरबाला अंगणात आणलं आणि ओल्या फडक्यानं डोळ्यांतलं काजळ पुसलं. बुबुळांमधल्या काळ्याभोर ठिपक्याच्या जागी काहीतरी पांढुरकं होतं. दोन्ही डोळ्यांत.

“ताकाचा थेंब पडल्यागत दिसतंय,” आकाराम हळूच म्हणाला.

मावशीच्या सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, त्यांनी हे सांगितलं तेव्हा आक्का उसळल्याच. “अभद्र बोलू नगासा. दिष्ट लागलीया माझ्या पोराला. बुधवारी वैदू येणार हाय. डोळ्यात अंजन घातलं की झालं.”

बाळाचे वडील, पिराजीकाका, विळ्याला धार लावत होते. “आई म्हणत्या तर तसंच असंल,” एवढंच ते बोलले.

बाहेर येताच आकारामनं दोघांना बाजूला ओढलं. “त्याच वैदूनं आमच्या आज्याच्या डोळ्यात अंजन घातलं हुतं. आज्याला थोडंफार दिसत हुतं, तेबी गेलं.”

मावशी चुलीपुढं होती. पद्मजाचं ऐकताना तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

“मला ठाऊक आहे गं,” ती म्हणाली. “मी नुसती हसले तर तो हसत नाही. बोलले की हसतो. ह्यांना सांगून बघितलं. पुन्हा तोंडातून काढू नकोस म्हणाले.”

“मावशी, त्याला अंबाबाईच्या पायावर घातलंय का?”

“नाही अजून.”

“मग मंगळवारी न्यायचं. आक्का नाही म्हणणार नाहीत.”

“आणि देवळातून थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडं,” सयाजी म्हणाला.

आक्का खरंच नाही म्हणाल्या नाहीत. उलट नारळ त्यांनीच पिशवीत घातला. “माझं गुडघं धरल्यात, न्हायतर मीबी आले असते,” त्या म्हणाल्या. पद्मजाला त्यांच्याकडं बघवेना.

देवीला नमस्कार करून ती सगळी राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी केरबाच्या डोळ्यांत बराच वेळ बॅटरी धरली.

“जन्मापासूनचा मोतीबिंदू आहे. यापूर्वीच ऑपरेशन व्हायला हवं होतं. डोळे वेळेवर बघायला शिकले नाहीत, तर मग कधीच शिकत नाहीत. आणि डोळ्यात काहीही घालू नका.”

“दिसेल त्याला?” मावशीनं विचारलं.

“आज सांगता येत नाही.”

घरी आल्यावर मावशीनं सगळं खरं खरं सांगितलं. आक्का तिच्याशी बोलेनाशा झाल्या. ऑपरेशनला पिराजीकाकांची सही लागणार होती, आणि काका सहीचं नावच काढत नव्हते.

बुधवारी वैदू आला. ओसरीवर पिराजीकाकांशेजारी बसून त्यानं डबी उघडली. काळ्या भुकटीचा उग्र वास सुटला. आक्कांनी बाळाला मांडीवर आडवं घेतलं, तेवढ्यात पद्मजा मध्ये येऊन उभी राहिली.

“काका, अंजन घालायच्या आधी एकदाच त्याच्यापुढं बसा. काही बोलू नका. नुसतं बघा.”

“पोरी, बाजूला हो,” आक्का ओरडल्या. पण काका उठले. त्यांनी मुलाला घेतलं आणि आपलं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. केरबा त्यांच्या कानावरून पलीकडं बघत राहिला. काकांनी डोळ्यांपुढं बोटं हलवली. पापणीसुद्धा लवली नाही.

“केरबा,” ते पुटपुटले, आणि बाळ खुदकन हसलं.

काकांनी त्याला छातीशी धरलं. “पावणं,” ते वैदूला म्हणाले, “तुम्ही जावा आता.”

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. मोठ्या दवाखान्यात पुढचे बरेच दिवस मावशी आणि काका आळीपाळीनं बसून होते. डावा डोळा वाचला नाही. उजव्यात नजर येईल अशी आशा होती, पण डॉक्टर शब्द देईनात.

दिवाळीच्या सुट्टीत पद्मजा आणि सयाजी पुन्हा आली, तेव्हा केरबाच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता. नाडीनं मागं बांधलेला, आदल्याच दिवशी मिळालेला.

“ह्या पोरांनी ऐकलं न्हाई आमचं म्हणून बरं,” पिराजीकाका आल्या-गेल्याला सांगत होते. “मी बाप असून बघायला भ्यालो.”

आक्का पहिल्यापासून कोपऱ्यात बसून होत्या. शेवटी त्या पुढं सरकल्या आणि बाळावर वाकल्या. केरबानं त्यांच्याकडं टक लावून बघितलं. कपाळावरचं मोठं कुंकू, सुरकुत्या, पडलेले दात. त्याचा ओठ थरथरला आणि त्यानं भोकाड पसरलं.

मावशी धावली. आक्कांनी तिला हातानंच थांबवलं. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“रडू दे,” त्या म्हणाल्या. “रड माझ्या राजा. आज्जी दिसली न्हवं तुला.”