बोरदऱ्यातून आणलेला मेव्हणा

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे मंगळवेढ्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. माझ्या सायकलच्या दुकानात बसणारे तर पाऊण सोडून देतात आणि उरलेल्या पावाला हसतात. आजचं मात्र तसं करू नका. आणि तो कंदील जरा इकडं सरकवा, मला दाराकडं बघत बोलायचंय.

चौऱ्याहत्तरचा चैत्र. माझा मेव्हणा शिवपुत्र तेव्हा बोरदऱ्यात रखवालदार होता. गावापासून दहा-अकरा मैलांवर माळ चालता चालता एकदम खचतो आणि खाली एक लांबच लांब दरा पसरतो, तो बोरदरा. दुष्काळी कामावरच्या बायामाणसांनी तिथं खडी फोडून रस्ता केला, पाझर तलाव बांधला. पुढं रोपं लावली आणि साखळी टाकून रस्ता बंद करून टाकला. मोटार, फटफटी, बैलगाडी, काही आत न्यायचं नाही. पायी जा, नाहीतर सायकलवर. पाटीवर कारण रोपांचं लिहिलेलं होतं. साखळीवर बसणारा चांदसाब निराळंच कारण सांगायचा. म्हणायचा, आत गेलेली गाडी परत येते, पण तिचा आवाज आतच फिरत राहतो. मला बरं वाटायचं. थापांत माझा हात धरणारा जिल्ह्यात एक तरी निघाला!

शिवपुत्र दर सोमवारी बाजाराला यायचा आणि आईला भेटून जायचा. त्याची आई, म्हणजे माझी सासू सुंदरम्मा, आमच्याकडंच असायची. मोतीबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. तीन सोमवार शिवपुत्र आला नाही. चौथ्या सोमवारी म्हातारीनं ताट बाजूला सारलं. पोराच्या तोंडावरनं हात फिरवल्याशिवाय घास गिळणार नाही म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. बुधवारी तिचा आवाज खोल गेला. माझी बायको पार्वतम्मा उठली. तिनं माझी सायकल पुसून दारात आणून उभी केली. आमच्या घरात हुकूम असाच निघतो.

साखळीपाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. चांदसाबनं पाणी दिलं. शिवपुत्र बाहेर पडलेला दिसला नाही, तलावाजवळच्या खोलीवरच असणार, असं सांगितलं. मग साखळी खाली करता करता म्हणाला, "हाक आली तर आधी वळून बघायचं, गुरुसिद्धप्पा. माणूस डोळ्यानं बघायचा, मग ओ द्यायची."

मी त्याच्याकडून तंबाखूची चिमूट घेतली आणि उतार धरला.

आत पाखरू नव्हतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. दोन्ही अंगांनी खुरटी रोपं, प्रत्येकाभोवती दगडांचं गोल आळं, आणि मधून तो पांढरा फुफाटा. माझं निम्मं आयुष्य सायकलींच्या आवाजात गेलंय. पायडल मारायचं थांबलं की फ्रीव्हील टिकटिकतं, मारायला लागलं की गप्प होतं. आता ऐका. मी पायडल मारत होतो आणि टिकटिक येत होती. मागून. मी पाय थांबवले. आता दोन टिकटिकी झाल्या. एक माझ्या चाकाची, आणि दुसरी... दुसरीही माझ्याच चाकाची. माझ्या फ्रीव्हीलचा एक दात झिजलेला, तो दर फेरीला एक ठोका गाळायचा. मागचीही तोच ठोका गाळत होती.

वळून बघितलं. रस्ता मोकळा. फुफाट्यात माझ्या चाकाची एकच रेघ. पाऊस होऊन सहा महिने झालेले, आणि ओल्या पोत्यासारखा कुबट वास सुटलेला.

खोलीपाशी शिवपुत्राची सायकल भिंतीला टेकलेली दिसली तेव्हा मी उतरलो. मी हाक मारली. खोलीच्या मागून, तलावाच्या अंगानं, बरंच खालून त्याचा आवाज आला.

"थांबा दाजी, आलोच..."

आणि त्याच क्षणाला शिवपुत्र खोलीच्या दारातून बाहेर आला.

दऱ्यात आवाज फिरत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. म्हातारी तिकडं उपाशी होती आणि मला तिथं क्षणभरही उभं राहायचं नव्हतं. त्याला म्हटलं, घरी चल, अव्वा जेवत नाही. तो "चला" म्हणाला. का जेवत नाही, कधीपासून, काही विचारलं नाही. कपडे घेतले नाहीत, दार लोटलं नाही, सायकल घेऊन सरळ रस्त्याला लागला. मी मागोमाग टांग टाकली, तोच पुन्हा हाक आली. आता जवळून, चढ चढताना लागतो तशा दमलेल्या आवाजात.

"दाजी... कुणाशी बोलताय?"

मी वळून बघितलं नाही.

वर आलो तर चांदसाब नमाजाला बसला होता, आमच्याकडं पाठ करून. साखळी आम्हीच खाली केली आणि आम्हीच वर लावली.

घरी म्हातारीनं पोराच्या तोंडावरनं हात फिरवला, ताट मागितलं आणि मुकाट्यानं जेवली. पार्वतम्मा चुलीपाशी बसून रडली. शिवपुत्र म्हणाला, आता नोकरी नको, इथंच राहतो. दुकानात बसायला लागला. पंक्चर काढायचा, स्पोक ताणायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. असला मेव्हणा नशिबानं मिळतो, असं मी चारचौघांत सांगितलंही.

नवव्या दिवशी चांदसाबनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड आलं. शिवपुत्र खोलीवर तापानं फणफणलाय, चालवत नाही. 'मी पाण्याला खाली गेलो आणि दाजी माझी सायकल घेऊन कुणाबरोबर तरी निघून गेले', असं बडबडतोय. उद्याचा भरवसा नाही, लगोलग येऊन घेऊन जावा.

कार्ड दोनदा वाचलं. अंगणात शिवपुत्र एका चाकात हवा भरत होता. पंपाचा आवाज येत होता. मी आत म्हातारीपाशी गेलो आणि तिच्या कानात सगळं सांगितलं. ती दचकली नाही.

"मला पैल्याच दिवशी कळलं, जावईबापू. तोंडावर हात ठेवला, तर हाताला श्वासच लागंना. मी म्हणलं, लेकरा, श्वास घे की. तवा घेतला त्यानं."

"मग तुम्ही जेवलात कशाला?"

"भ्याले की. माज्या ताटाम्होरंच बसून व्हता..." तिनं माझं मनगट धरलं. "हळू बोला. आपल्याला ठावं हाय, हे त्येला कळू देऊ नका."

पंप थांबला.

"दाजी," तो दारात उभा राहून म्हणाला. माझ्या हातातल्या कार्डाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. "एवढ्या उनाचं तुमी कशाला जाताय? त्येला मी आणतो की."

सायकलची टिकटिक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली. माझ्या दुकानात त्या दिवशी चार धडधाकट सायकली उभ्या होत्या. एकीवर टांग टाकली असती तर वेशीच्या आत त्याला गाठला असता. पायांत त्राण नव्हतं, असं मी पुढं पार्वतम्माला सांगितलं. ते खोटं आहे.

दिवेलागणीला सायकल आली. एकच. शिवपुत्र उतरला आणि उंबऱ्यातच कोसळला. अंग सणसणून तापलेलं, ओठ फुटलेले, छाती भात्यासारखी हलत होती. तो श्वास बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, सुटला. कसा सुटला ते विचारायचं नाही, आपला माणूस घरी आला.

पार्वतम्मानं त्याला आत घेऊन घोंगडीवर निजवलं. सुंदरम्मा भिंत चाचपडत आली, उशाशी बसली. कपाळावरनं, गालांवरनं हात फिरवत नाकापाशी नेला आणि तिथं बराच वेळ धरला. छाती एकदा हलत होती, श्वास दोनदा वाजत होता. मग हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"पारू," ती लेकीला म्हणाली, "दोघांचं वाढ."