रबरी चाकांची दहावी जोडी

धाव सुटली आणि एकटीच निघाली.

रामलिंगाच्या उतारावर धुरपतानं कासरा ओढेपर्यंत बैलगाडीच्या डाव्या चाकाचं ते लोखंडी कडं खणखणत, उड्या मारत वळणापाशी पोचलं होतं. तिथं एकजण सायकल हातात धरून चालला होता. त्यानं सायकल टाकली नि बाजूला उडी घेतली. धाव झुडपात शिरून आडवी झाली. थोड्या वेळानं तो गडी ती गळ्यात अडकवून चढ चढून आला... हार घातल्यासारखा.

"तुमची हाय का?"

"न्हाय, देवाची," धुरपता म्हणाली. "वाटंनं जाणाऱ्याच्या गळ्यात पडायची सवय हाय तिला."

तो हसला. धाव खाली ठेवून त्यानं चाकावर बोटं फिरवली. "लाकूड आटलंय. रातभर गाडी नदीत उभी करायची. चाक फुगतं, धाव धरून ठेवतं."

"कुठल्या नदीत? दावा की."

त्यानं उताराखाली बघितलं. बहात्तरचं साल. नदीत वाळू होती, आणि वाळूत खेकड्यांची वाळलेली कवचं.

त्यानं गोणपाटाच्या चिंध्या कोंबून धाव दगडानं ठोकून बसवली. शेजारच्या गावचा सुतार, नाव महारुद्र.

"नाव महारुद्र, आन् बोलणं असं शेळीवाणी हळू?"

"मोठ्यानं बोलतो तवा चाकं सुटत्यात," तो म्हणाला. "तुमी कुणाच्या?"

"आबाराव सुताराची. करवतीनं दोन बोटं नेली, तवापासून गाडीच हाकायचा बाप. आता त्येचं गुडघंबी गेलं, म्हणून म्या हाकते."

आगगाडीनं येडशीला कडबा उतरायचा आणि सोसायटीनं लावलेल्या बैलगाड्या तो गुरांच्या छावणीला पोचवायच्या. पण त्या उन्हाळ्यात रोज कुणाची ना कुणाची धाव सुटे. कडबा स्टेशनावर पडून राही, छावणीत गुरं दावणीशी हंबरत. सोसायटीचे चेअरमन तात्याराव एक दिवस म्हणाले, "पाडव्यापासून हे काम ट्रकवाल्याला जाणार बघा. माझा इलाज न्हाय."

काम गेलं तर दोन बैल खायचे काय? आबारावांनी लेकीला सरळ सांगितलं, "मग पवळ्या-चांद्याला बाजार दावावा लागंल."

म्हणून धुरपता उठली. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडं इलायती मोटारींची उतरलेली चाकं आली होती, बोटीनं मुंबईला आलेली. रबरी, जाड, पाण्यावाचून चालणारी. पण तो दहा जोड्यांचा ढीग फोडून देत नव्हता. घेतल्या तर दहा, नाहीतर नाही. धुरपता गाडीवाल्यांच्या दारोदार फिरली. ज्याला त्याला पटवलं, ज्याच्या त्याच्याकडून पैसे घेऊन तात्यारावांकडं ठेवले. फिरता फिरता शेजारच्या गावालाही जाणं होई, आणि तिथं गेलं की वाट सुताराच्या मेटावरूनच, त्याच्या कामाच्या छपरावरूनच असे.

"सुताराची लेक आन् रबराची चाकं?" महारुद्र लाकूड तासणारा वाकस थांबवून म्हणे. "बापाला सांगितलं का?"

"त्येनंच धाडलंय."

"मग आमी काय करावं? पाळणं बनवावं?"

"बनवा की. लागतील कुणाला तरी."

बोलून गेली आणि मग कान तापले. तो वाकून भुश्यात काहीतरी शोधू लागला... काहीच हरवलं नव्हतं.

रात्री रेशनचा लाल मिलो दळताना तिच्या ओठी आपोआप आलं—

सुकल्या नदीपायी धाव सुटली चाकाची,
सांगू कुणापाशी बाई गोष्ट माझ्या मनाची.

आणि ऐन वेळी दहा गाडीवाल्यांतला हणमंतप्पा फिरला. "रबराचं चाक वाजत न्हाय," तो म्हणाला. "आवाजाबिगर बैल चालत्यात व्हय? त्येला वाटंल, मागं गाडीच न्हाय. न्हाय बाबा, माझं पैसं द्या."

नऊच जोड्या राहिल्या. धुरपता त्या दिवशी मेटावर गेली ती पायरीवरच बसली.

"आता पवळ्या-चांद्या जातील," एवढंच म्हणाली.

महारुद्रनं तिला तांब्या दिला. पाणी अर्धाच तांब्या होतं. तिनं निम्मं पिऊन परत केला. उरलेलं तो प्यायला. 

दोन दिवसांनी तात्यारावांचा निरोप आला: दहावा गडी मिळाला, ट्रक सोलापूरला धाडला.

चाकं आली तेव्हा स्टेशनापुढं जत्राच भरली. माणसं रबर दाबून बघत होती, म्हातारे वास घेत होते. सगळ्यांनी आपापली जोडी उचलली. शेवटची उचलायला महारुद्र पुढं आला.

"तुमी?" धुरपताचे डोळे मोठे झाले. "तुमच्याकडं गाडी कुठंय?"

"न्हाय."

"मग चाकं कशाला घेतली?"

"चाकं आली की गाडीबी व्हईल."

"आन् पैसं?"

तो चाक हातानं फिरवत राहिला. "बाभळीचं लाकूड हुतं जुनं, चाकासाठी राखलेलं. दिलं एकाला... आता चाकं कोण करून घेणार? तुमीच तर बंद पाडली."

धुरपताला हसावं की रडावं कळेना. "लई शाणे हायसा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बैलांकडं गेली.

कडब्याचं काम गाड्यांकडंच राहिलं. बैल आवाजाबिगर चालले, उलट जास्तच चालले. पवळ्या-चांद्या दावणीला राहिले. महारुद्र मात्र महिनाभर दिसला नाही. ती मेटावरून गेली तर दार लोटलेलं, आतून नुसती ठोकाठोक.

मग एका सकाळी धुरपता अंगण झाडत होती. काही वाजलं नाही, म्हणून तिला कळलंच नाही. वर बघते तर दारात गाडी उभी. कडबा लादायची कोरी साटी, नवं जू, खाली ती रबरी चाकं. आणि जुवाला बैलांच्या जागी स्वतः महारुद्र, घामानं निथळलेला.

"गावापास्नं... ओढत?"

"हलकी चालती," तो धापा टाकत म्हणाला. "गाडी झाली. बैलं तेवढी न्हाईत माझ्याकडं."

धुरपतानं खराटा भिंतीला टेकवला. ओसरीवर आबाराव खाकरले, पण खाली उतरले नाहीत.

"बैलं हायत माझ्याकडं," ती म्हणाली. "पर माझ्याबिगर एक पाऊल टाकत न्हाईत."

"मग..." महारुद्रनं जू खाली ठेवलं. "तूबी ये."

तिनं पदर खोचला. गोठ्यात गेली, पवळ्याला आणि चांद्याला सोडून आणलं, आणि जू त्यांच्या मानेवर ठेवताना एक बाजू त्याच्या हातात दिली.

ओसरीवरून आवाज आला, "धुरपे, चहा टाक गं. पावण्याला लांब जायचंय."

"एकट्याला न्हाय जायचं, आबा," ती म्हणाली.