वरून दिसणारं रान

"अवध्या, पट्टा वाढलाय!" उमा फोन घेऊन धावतच आली.

उपग्रहाच्या फोटोत त्यांचं माळावरचं रान फिकट पिवळं दिसत होतं, कारण ज्वारी काढल्यावर धसकटं तशीच ठेवली होती. पण बांधाच्या कडेला एक काळपट पट्टा! मागच्या फोटोत तो याच्या निम्मा होता.

हे फोटो कोइमतूरहून यायचे. उमाचे बाबा, विश्वजित, तिथे गलाईच्या दुकानात सोनं गाळायचे आणि फावल्या वेळात फोनवर वडूजजवळचं आपलं रान बघत बसायचे. "यंदा नांगर घालायचा न्हाई. धसकटांखाली ओल टिकली, तर मी कायमचा घरी येतो," असं त्यांनी सांगितलं होतं. उमाला त्यांची इतकी आठवण यायची, की फोटो आला की ती आधी फोन गालालाच लावायची.

"कुणीतरी नांगरतंय!" सांगलीहून सुट्टीला आलेला मामेभाऊ अवधूत म्हणाला.

"बांधापलीकडचा भाऊसो! दुसरं कोण?" शेजारची प्रीती फणकारली. "बांध कोरायची जुनी खोड हाय त्याची!"

"असं झालं तर बाबा येणारच न्हाईत," उमा म्हणाली. "चोर धरायचाच!"

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघं बाभळीआड दबा धरून बसली. अवधूतला काटा टोचला, पण बहाद्दरानं तोंडातून आवाज काढला नाही. थोड्या वेळात बैलजोडी आली. नांगर रुतला आणि धसकटं उलथी व्हायला लागली.

"धरा!" तिघं ओरडत धावली. नांगरामागचा माणूस दचकून वळला. तो उमाचा थोरला चुलता होता, हरिबाआप्पा!

"आप्पा, तुमी? बाबा नको म्हणाले होते ना!"

आप्पा ओशाळले. "तूच म्हणालीस न्हवं, विश्वाला वरनं रान दिसतंय? जाणारं-येणारं हसतंय, रान पडीक पडलं म्हणून. म्हटलं, साफसूफ दिसलं तर गडी खूश हुईल... यील तरी." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "दोघांनी मिळून पेरून लय वर्सं झाली, पोरी."

तिघांचा राग कुठल्या कुठे पळाला. पण नांगर तर थांबवायला हवा!

"आप्पा, पैज!" अवधूत म्हणाला. "परवा वळीव पडला ना? तुम्ही पट्ट्यात उकरा, उमा धसकटांत उकरेल. ओल आधी ज्याला सापडेल तो जिंकला!"

आप्पा हसत उकरायला बसले. नुसता फुफाटा! उमाने पाला बाजूला करून बोटं घातली. माती गार होती.

"आयला!" आप्पांनी ती माती मुठीत दाबली. तिचा गोळा झाला. त्यांनी बैल सोडले.

दिवसभर चौघांनी बाजरीचं सरमाड आणि वाळका पाला पट्ट्यावर पसरला. भाऊसोंनीही गाडीभर भुसकट दिलं, तेव्हा प्रीतीने मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

पुढचा फोटो आला, मागोमाग बाबांचा फोन. "पट्टा झाकला की! अन् उमा म्हणती, ओलबी टिकलीय! शाब्बास रं पोरांनो! दादा, ऐकतोस न्हवं? टोकणीला मी येतोय. परत जायचं न्हाई आता!"

उमा हसता हसता रडायलाच लागली. आप्पांनी डोळे पुसले, पण बोलणं संपलं तरी फोन काही परत देईनात.

"उमे, ह्यात कोइमतूर दिसतं व्हय?"

अवधूतने नकाशा सरकवत नेला. नुसती छपरंच छपरं.

"ह्यातलं विश्वाचं कंचं?"

"आप्पा, ते आता येणारच आहेत ना!"

"यील रं. पर तवर दाव की!"