माझ्या वाट्याचे व्हिडिओ

मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडत होते आणि विरेश नेमका तिथूनच वर येत होता. होटगी रोडवरच्या त्या कंपनीत मी उन्हाळ्यात नवीनच लागले होते. काम काय, तर लोकांनी मोबाइलवर टाकलेले व्हिडिओ बघायचे आणि वाईट असतील ते काढून टाकायचे. मारहाण, गळफास... दिवसभर तेच. घरी बोलायचीही बंदी.

“पहिल्या दिवशी मी तर वॉशरूममधनं बाहेरच आलो न्हाय,” म्हणत त्याने रुमाल पुढे केला. “घ्या की. धुतलेला हाय... बहुतेक.”

मी हसले. तिथेच फसले!

विरेश आमचा टीम लीडर. कुणाला कुठले व्हिडिओ द्यायचे, हे त्याच्या हातात. त्यानंतर माझ्याकडे फक्त नाच आणि लग्नातली भांडणं येऊ लागली. मी मान वर केली की तो बघत असायचा... मग उगाच कीबोर्ड पुसायचा.

“माझे वाईट व्हिडिओ तुमीच बघता ना?” एकदा मी विचारलंच.

“मी तुमचा डबा बघतो,” माझी शेंगाचटणी चाखत तो म्हणाला. “असा रोज मिळाला तर लई बरं की... जन्मभर.”

मी लाजून चूर. हा माझ्यासाठी एवढं सोसतो, या विचारावर मी तरंगत होते.

एका दुपारी शेजारची गुलनाज हेडफोन फेकून किंचाळली. कंपनीने तिला लगेच कामावरून काढलं. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले.

“उन्हाळ्यापासून मेरेकू सगळे मुडद्यांचेच आने लगे, दाक्षायणी,” ती म्हणाली. “विरेशसरकू बोली भी, कम करो.”

मी पार्किंगमध्ये विरेशला गाठलं. “माझे तुमी गुलनाजला देत होता?”

“कुणाला तरी द्यायलाच लागतात,” तो खाली बघत म्हणाला. “तुझे हाल मला बघवंनात. प्रेम हाय माझं तुझ्यावर.”

हे ऐकायला मी किती आसुसले होते! आणि आता त्याची किळस आली. खोटं कशाला बोलू, प्रेमही तेवढंच वाटलं.

“मग वर चला. साहेबांना सांगा, दोघींचे तिच्या एकटीवर टाकले. तिला परत घेतील.”

“माझी नोकरी जाईल की गं...”

मग मी एकटीच वर जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. आधी विरेशला काढलं, मग काढून टाकलेल्या गुलनाजशी बाहेर कामाचं बोलले म्हणून मला. गुलनाजला परत घेतलंच नाही.

विरेशचा फोन अजून येतो. मी उचलत नाही... वाजायचा थांबेपर्यंत हातात मात्र धरून बसते.