हसू नका, फोटो काढतेय

चुकीच्या दारातून कोणी आत आलं, तर दोघांपैकी एकाने तरी "कोण पाहिजे?" एवढं विचारावं. त्या दिवशी दोघांनीही विचारलं नाही. म्हणून तर सांगण्यासारखं काही घडलं.

त्वचेच्या दवाखान्यात जिना चढून डाव्या हाताला एक अंधारी खोली होती. खोलीत एक मागे कलणारी खुर्ची, आणि खुर्चीपुढे तीन पाखांचा एलईडी दिवा, शेकडो बारीक दाण्यांचा, डाळिंब फोडून ठेवावं तसा. चेहऱ्यावर पुरळ, सूज, लाली घेऊन माणसं यायची, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून बारा मिनिटं त्या तांबड्या उजेडात पडून राहायची. हा उजेड भाजत नाही की सोलत नाही. डॉक्टरीणबाई प्रत्येकाला बजावत, "चमत्कार नाही हो हा. मलम लावा, ऊन टाळा. सूज उतरते, पण तिच्या सवडीने."

दिव्याचं सगळं एक मुलगी बघायची. बाहेर काउंटरवर डॉक्टरीणबाईंच्या सख्ख्या आत्या बसत. शाळा चार यत्ता, जीभ मात्र वकिलाची. त्या तिला 'दिवेवाली' म्हणत, आणि मग सगळेच म्हणायला लागले.

तर अकराला पाच कमी असताना दार ढकलून एक माणूस आत आला. काखेत खोका, आणि नाक-गाल असे तांबडे की दिवेवालीला दुसरं काही विचारावंसंच वाटलं नाही.

"बसा. खोका खाली ठेवा. मान मागे."

"अहो, पण मी…"

"बोलू नका, गाल हलतात."

तो बसला. तिने चष्मा चढवला. दिव्याला एक दोरा बांधलेला होता, बरोबर एका वितीचा. तो ताणून तिने त्याच्या नाकाच्या शेंड्याशी अंतर मोजलं आणि बटण दाबलं. चार मिनिटं झाली असतील नसतील, तोच दारात एक बाई उभ्या. "माझी अकराची वेळ आहे ना?"

दिवेवालीने दिवा बंद केला. "मग… तुम्ही कोण?"

"मी काचवाला, ज्वाळेवर काच फुंकतो," चष्म्याखालून आवाज आला. "समोरच्या रक्ततपासणीच्या खोलीत काचेच्या नळ्या द्यायच्या होत्या. उजवीकडचं दार सांगितलं होतं. माझं डावं-उजवं लहानपणापासून कच्चं आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायला लागलो होतो की. तुम्हीच म्हणालात, गाल हलतात."

आत्याबाई बाहेर हसून हसून लोळायच्या राहिल्या. पण डॉक्टरीणबाईंनी त्याचा चेहरा उजेडात धरून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "दार चुकलं, खुर्ची नाही चुकली. किती वर्षं ज्वाळेपुढे बसताय?"

"चौदा."

"दिसतंय. आठ आठवडे या. सोमवार-गुरुवार. दर गुरुवारी दिव्याआधी फोटो काढायचा. आठ आठवड्यांत फरक नाही पडला, तर हे थांबवून तुम्हाला मोठ्या इस्पितळात पाठवीन."

तिथून ते सुरू झालं.

आता दिवेवालीबद्दल थोडं सांगायला हवं. सोळाव्या वर्षी तिचा चेहरा पुरळाने असा फुलला होता, की घरात पाहुणे आले की ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. पुरळ गेलं, डाव्या गालावर खड्डे राहिले. त्याहून वाईट म्हणजे सवय राहिली. बसायचं तर भिंत डाव्या हाताला येईल असं. बोलायचं तर उजवा गाल पुढे करून. दुसऱ्यांचे चेहरे दिवसभर न्याहाळणारी ही मुलगी, स्वतःच्या चेहऱ्यावर कोणाची नजर पडली की दोन वाक्यांत बोलणं आटपायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पण काळ्या चष्म्यातल्या माणसाला काही दिसत नाही. त्याच्यापुढे कुठला गाल डावा आणि कुठला उजवा! पहिल्याच सोमवारी तिच्या लक्षात आलं, की आपण बोलतोय. भरभरून बोलतोय.

"काच तुम्ही फुंकता म्हणजे… तोंडाने?"

"मग काय नाकाने?"

"वाकड्यात शिरू नका. गाल हलतात."

"विचारणार तुम्ही, आणि गाल माझे हलायचे नाहीत! बरं, ऐका. ज्वाळेवर काच मऊ झाली की मधासारखी होते. तेव्हा वाकवा, फुगवा, काहीही करा. अवघड असतं ते नंतरचं."

"नंतरचं काय?"

"निववणं. तापलेली काच एकदम गारव्यात ठेवली, तर वरून धडधाकट दिसते, पण आत ताण धरून बसते. मग एखाद्या दिवशी नुसती टेबलावर ठेवली तरी तडकते. म्हणून तिला वेगळ्या भट्टीत तासन्‌तास हळूहळू निववायची."

दिवेवाली दिव्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग ती हळूच म्हणाली, "माणसांचंही असंच असतं का हो?"

"माणसांचं मला काय ठाऊक… माझा संबंध नळ्यांशी."

सोमवारची बारा मिनिटं अशी जायची. गुरुवार मात्र वेगळा. गुरुवारी आधी खोलीतली पांढरी ट्यूब लावून फोटो. चष्मा नाही, डोळे उघडे, तो समोर स्टुलावर आणि ती कॅमेऱ्यामागे. हसलं की गाल वर चढतात, मागच्या फोटोशी ताडून बघता येत नाही, म्हणून हसायला बंदी.

"हसू नका."

"नाही हसत."

"डोळ्यांनी हसताय."

"डोळे कसे बंद करू? तुम्हीच म्हणता कॅमेऱ्याकडे बघा."

आणि कॅमेऱ्याकडे बघायचं म्हणजे तिच्याकडेच बघायचं. ती घाईघाईने बटण दाबायची, पुढे होऊन त्याला चष्मा चढवायची, आणि मगच दोघांनाही श्वास सापडायचा.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. पडद्यावर चार फोटो ओळीने लावलेले. चारही तांबडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत तांबडे.

"बाकीच्यांना गुण येतोय. याचाच लालपणा का हटत नाही? दिवा जवळ धरतेस का? वेळ जास्त होतोय का?"

"दोऱ्याने मोजते, बाई. बारा मिनिटांच्या वर एक क्षण नाही."

"मग आठव्या आठवड्यापर्यंत बघू. नाहीतर थांबवू. उगाच कोणाला आशेला लावायचं नाही."

बोलणं साधंच होतं, पण दिवेवालीला ते चटका बसल्यासारखं लागलं. आजवर तिच्या हाताच्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दुखणं नुसतं हाताचं नव्हतं. आठवा आठवडा झाला की तो जिना चढणार नव्हता. मग सोमवारी ती कोणाशी बोलणार होती?

तिने दोरा नवा बांधला. दिव्याच्या काचा पुसल्या. त्याची उलटतपासणी घेतली.

"मलम लावता ना?"

"लावतो."

"तिखट?"

"बंद."

"ज्वाळेपुढची ती काचेची ढाल?"

"लावतो हो. कारखान्यात सगळे म्हणतात, तोंड निवळलंय तुझं."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. फोटो खोटं बोलत नाही."

यावर तो काहीतरी बोलणार होता… ओठ उघडले, मिटले. "नाही," एवढंच म्हणाला. "फोटो खोटं नाही बोलत."

पाचवा फोटो तांबडा. सहावा तांबडा. सातव्याला तर ती पुटपुटली, "देवा, हे तर वाढतंय!" आणि ते ऐकून तो आणखीच लाल झाला. तिला वाटलं, बिचारा लाजला आजाराला.

आठवा गुरुवार उजाडला. दिवेवालीने कॅमेरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. आपल्या हाताने तो शेवटचा तांबडा फोटो काढायचा, आणि आपल्याच हाताने माणूस घालवायचा… तिच्याने होईना. ती बाहेर आली. "आत्याबाई, आजचा फोटो तुम्ही काढता का? मी जरा… पाणी पिऊन येते."

आत्याबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जा, पाणी पी. आणि जरा दमानं पी."

त्या आत गेल्या, कॅमेरा उलटा धरला, मग सुलटा धरला. "हं, तोंड वर कर रे. हसायचं तर हस, तुझे दात मोजायला नाही बसले मी."

पाच मिनिटांनी दिवेवालीला डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून हाक आली. काचवाला तिथेच भिंतीशी उभा होता. पडद्यावर आठ फोटो. सात तांबडे, आणि आठवा… आठवा नितळ. नाकाच्या बाजूला जराशी झाक, बाकी गाल कसे स्वच्छ.

"मला कोणीतरी समजावून सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सात आठवडे काही नाही, आणि पाणी पिऊन येईपर्यंत माणूस बरा?"

दिवेवालीने त्याच्याकडे पाहिलं. सरळ, कॅमेरा मध्ये नसताना, डावा गाल की उजवा याचा विचार न करता पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याच्या गळ्यापासून लाली निघाली, हनुवटी ओलांडली, गालांवर पसरली आणि कानांच्या पाळ्यांवर जाऊन थांबली.

"घ्या!" आत्याबाईंनी टाळी वाजवली. "बाहेर बाकावर बसतो तेव्हा महिनाभर चांगला बघतेय मी त्याला. ही हाक मारायला दारात आली की झाला मिरची. दिव्याने काम चोख केलंय, ही बयाच बिघडवतेय."

"आत्या! मग सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलं? शिकलेली माणसं फोटोत बघतात. माझ्यासारखी अडाणी बाई तोंडाकडे बघते."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबत कागद पुढे ओढला. "आजाराला गुण आलाय. या दुसऱ्या लालीवर माझ्याकडे औषध नाही. आज शेवटचा दिवा घ्या आणि मोकळे व्हा."

मोकळे व्हा. गुण नाही आला तरी तो जाणार होता, आणि आता गुण आला म्हणूनही जाणारच. हे दिवेवालीच्या ध्यानात आलं ते अंधाऱ्या खोलीचं दार लागल्यावर. आत फोटोची पांढरी ट्यूब अजून चालूच होती.

"बसा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठाम निघाला नाही.

तो बसला नाही. "चार आठवडे ठाऊक होतं मला. फोटो का बिघडतो ते."

"मग बोलला का नाहीत?" पहिल्या दिवशीचाच प्रश्न.

"बोललो असतो तर तुम्ही दुसऱ्या कोणाला फोटो काढायला लावलं असतं. मी बरा ठरलो असतो." तो थांबला. "पण तुमच्या हातावर ठपका येऊ दिला, ती चूक माझी. त्याची शिक्षा द्या."

तिने खुर्चीकडे पाहिलं. दोऱ्याकडे पाहिलं. मग असं काही केलं, जे सोळाव्या वर्षापासून कोणापुढे केलं नव्हतं. ती स्वतःच खुर्चीत बसली, केस कानामागे सारले, मान मागे टेकवली. काळा चष्मा स्वतःच्या हाताने चढवला.

"शिक्षा ही. आठ आठवडे मी तुमच्याकडे बघितलं. आता बारा मिनिटं तुम्ही बघा. डावीकडचा… डावीकडचा गाल पण. आणि जे दिसेल ते खरं सांगा."

चष्म्याआड सगळा अंधार. त्याची पावलं जवळ आली. दोरा ताणल्याचा बारीकसा आवाज. नाकाच्या शेंड्याशी एक वीत अंतर, त्याने मोजून धरलेलं. किती वेळ गेला कोण जाणे. हे लोक इथे पडून काय काय सोसत असतील, ते तिला आज कळलं.

"सांगा ना."

"बघतोय. काच पारखताना घाई करत नाहीत." आवाज अगदी हळू. "डाव्या गालावर पाच-सहा खड्डे आहेत. लहान आहेत. एकाचा आकार तांदळाच्या दाण्यासारखा आहे. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी मोठं लपवताय… इतके दिवस एवढंच?"

"तुम्हाला एवढंच वाटतं. मला चौदा वर्षं ताण धरायला पुरलं."

"मग आता निवू द्या. मी थांबतो. मला सवय आहे."

मग तोच म्हणाला, "एक राहिलं सांगायचं. तुमचा चेहरा तांबडालाल झालाय. कानांपर्यंत."

"उजेड पडलाय ना त्याचा," ती घाईने म्हणाली. "दिव्याने तसं दिसतं."

"दिवा मी अजून लावलाच नाही."

ती मग हसली, गाल हलतील याची पर्वा न करता. बाहेर आत्याबाईंनी मुद्दाम मोठ्याने खाकरल्याचं ऐकू आलं.

"येत्या गुरुवारी घरी या," दिवेवाली म्हणाली. "आईला सांगून ठेवते. जिना चढून उजवीकडचं दार." तिने हात पुढे केला, चाचपडत त्याचा उजवा हात शोधला आणि घट्ट धरला. "हा. हा उजवा. या वेळी चुकू नका."